गाडी दस्तुरीलाच राहू द्या

माथेरानला मोटारी थेट बाजारपेठेपर्यंत सोडल्या पाहिजेत, असं सांगणारे एक गृहस्थ हल्ली पुन्हा जोरात आले आहेत. ते चारचौघांत बोलतात, लोक माना डोलावतात आणि आठ दिवसांनी तीच वाक्यं आमच्या गावातल्या तरुण पोरांच्या तोंडून ऐकू येतात. म्हणून त्यांना उत्तर देणं भाग आहे.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. डोंगरावरच्या लहान गावाची ओढ हा शहरातल्या रिकामटेकड्यांचा हळवेपणा आहे. तिथे कायम राहणारा माणूस कंटाळलेला असतो. दस्तुरी नाक्यावर गाडी सोडून पुढे अडीच-तीन किलोमीटर चालायला लावणं म्हणजे माणसाला जाणूनबुजून मागास ठेवणं. लोकसंख्या घटते आहे, आजाऱ्यांचे हाल होताहेत. रस्ता रुंद करा, गाडी वर आणा. नाहीतर इंग्रजांनी मागे टाकलेल्या या खेळण्याला कुलूप लावा.

खेळण्याचा मुद्दा आधी निकालात काढू. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट 1850 साली इथे चढून आला हे खरं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून या डोंगरात ठाकर आणि कातकरी राहत होते. आणि 1907 साली सुरू झालेली नेरळ–माथेरान रेल्वे उभी राहिली ती आदमजी पीरभॉय यांच्या घरच्या पैशांवर. कंटाळ्याबद्दल काय बोलावं? कंटाळा डोंबिवलीतही येतो. म्हणून कोणी डोंबिवली बंद करा म्हणत नाही.

लोकसंख्येचा मुद्दा मात्र त्यांनी मोठ्या तोऱ्यात मांडला आहे, म्हणून तो नीट बघू. 2001 च्या जनगणनेत माथेरानची लोकसंख्या 5,139 होती, 2011 मध्ये ती 4,393 झाली. आकडे खरे आहेत. पण त्याच दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या अख्ख्या जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. तिथे गाडी वाडीपर्यंत जाते, अंगणात उभी राहते. मग तिथली माणसं का गेली? शिक्षणासाठी गेली, नोकरीसाठी गेली. डांबरी रस्ता माणसं आणतो तितक्याच सहज घेऊनही जातो. गाव रिकामं होण्याचं खापर पायवाटेवर फोडणाऱ्याने कोकणातल्या बंद घरांची कुलपं आधी मोजावीत.

आता खरा मुद्दा, गाडीचा.

दस्तुरीपासून बाजारापर्यंतच्या तांबड्या वाटेवर कोण कोण जगतं, ते या गृहस्थांनी एखाद्या शनिवारी सकाळी नाक्यावर उभं राहून बघावं. गाडी थांबते, डिकी उघडते, चाकांची भलीमोठी बॅग बाहेर येते आणि दहा पावलांत तिची चाकं मातीत रुततात. मग पायथ्याच्या वाडीतून चढून आलेली बाई पुढे होते. भाव ठरतो. ती टॉवेलची चुंबळ करते, मोठी बॅग डोक्यावर चढवते, लहान हातात घेते आणि पाहुण्याच्या पुढे चालू लागते. पाहुणा दमला की घोडेवाला असतोच. वाटेत सरबताची गाडी लागते. मे महिन्यात करवंदं-जांभळांची टोपली घेऊन बसलेली म्हातारी भेटते. बाजारात पाऊल पडण्याआधी पाहुण्याच्या खिशातले पैसे चार घरांत पोचलेले असतात. गाडी वर आली की हे पैसे पार्किंगच्या ठेकेदाराकडे जातील. चार घरांची कमाई एका पावतीपुस्तकात जाणार, याला विकास म्हणायचं?

शिवाय चढून आलेला माणूस रात्री राहतो. दमलेला असतो, भूक लागलेली असते, लगेच उतरायची इच्छा नसते. ज्याची गाडी दारात उभी आहे तो दुपारी येईल, एका पॉइंटवर फोटो काढेल, चिक्कीचा पुडा घेईल आणि संध्याकाळी घाट उतरून जेवायला घरी जाईल. आमच्या गावात ज्यांच्या घरी दोन-चार खोल्या भाड्याने दिल्या जातात, त्यांची चूल मुक्कामी पाहुण्यावर पेटते. गर्दी वाढेल आणि मुक्काम घटतील, हा व्यवहार कोणाच्या फायद्याचा?

आणि जागेचं काय? एक गाडी उभी करायला, वळवायची जागा धरून, पंचवीस चौरस मीटर तरी लागतात. पाचशे गाड्या आल्या तर सव्वा हेक्टर, म्हणजे तीन एकर जमीन. सुट्टीच्या दिवशी पाचशेवर भागेल असं कोणी समजू नये. ही तीन एकर सपाटी या डोंगरमाथ्यावर कुठून आणणार? जांभळीची, अंजनीची, हिरड्याची झाडं तोडून. दोन गाड्या समोरासमोर जायच्या तर वाट दुप्पट-तिप्पट रुंद करावी लागेल, कडेचा जांभा फोडावा लागेल. पावसाचं पाणी जिरवणारा हा दगड आणि त्याला धरून ठेवणारी मुळं एकदा सुटली की काय होतं, ते घाटात दर पावसाळ्यात दिसतं. या सगळ्याचा विचार करूनच 2003 साली केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला. लोणावळ्यात पावसाळ्यातल्या रविवारी किंवा महाबळेश्वरला मेच्या सुट्टीत जे गाडीत अडकले असतील, त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. तिथे डोंगर बघायला गेलेला माणूस दोन-दोन तास पुढच्या गाडीची नंबरप्लेट बघत बसतो.

हा वाद नवा नाही. वाटेवर पेव्हर ब्लॉक बसवायचे ठरले तेव्हाही हेच लोक म्हणत होते की धूळ जाईल, गाव सुधारेल. उतारावर, पहिल्या पावसात, त्या ब्लॉकवर घोड्याची नाल कशी सरकते ते ज्याने पाहिलं आहे त्याला विचारा. घोडा मागचे पाय ताणतो, मान वर टाकतो, पाठीवरचं पोर किंचाळतं आणि घोडेवाला लगाम धरून त्याला सावरतो. मातीत रुतणारा खूर दगडावर रुतत नाही, एवढी साधी गोष्ट पटवायला आम्हाला वर्षानुवर्षं भांडावं लागलं.

हातरिक्षाचं कारणही पुढे केलं जातं. माणसाने माणसाला ओढणं लाजिरवाणं आहे. अगदी खरं, आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये सहा महिन्यांत ती प्रथा बंद करायला सांगितली ते उत्तमच झालं. पण त्यावरचा मार्ग न्यायालयाने ई-रिक्षाचा दाखवला, जी ओढणाऱ्यांच्याच हाती द्यायची आहे. हातरिक्षावाल्याच्या घामाचा दाखला देऊन स्वतःची मोटार वर घुसवायची, ही त्या घामाची थट्टा आहे.

आजाऱ्यांचा प्रश्न गंभीर आहे. पण रुग्णवाहिकेला इथे बंदी नाही.

मग या गावात आहे तरी काय? सांगतो. इथे सहा वर्षांचं पोर रस्त्याच्या मधोमध पाठ करून उभं राहतं आणि कोणाच्या काळजात धस्स होत नाही. हॉर्न नसल्यामुळे शेकरूने फांदी बदलली तरी मान वर होते. अगोटीच्या दिवसांत सगळं गाव एकाच कामाला लागतं: छपरं शाकारणं, तांदूळ-डाळ भरून ठेवणं, सरपण कोरड्यात घेणं. कोणाच्या घरी माणूस कमी आहे हे शेजाऱ्याला सांगावं लागत नाही. तीन किलोमीटर चालून आलेला पाहुणा बाजारात शिरतो तेव्हा त्याचा आवाज आपोआप खाली आलेला असतो, त्याने फोन खिशात टाकलेला असतो आणि तो आमच्याशी माणसासारखा बोलतो. हे सुख रहिवाशालाही मिळतं आणि दोन दिवस आलेल्यालाही मिळतं. पायी फिरायच्या अशा जागा महाराष्ट्रात फार उरलेल्या नाहीत.

गावाच्या अडचणी आहेतच. 2019 च्या पावसात उखडलेला रेल्वेमार्ग नेरळपासून पुन्हा पूर्ण सुरू व्हायला 2022 चा ऑक्टोबर उजाडला. पावसाळ्यात दस्तुरीजवळचं अमन लॉज स्थानक ते माथेरान एवढ्याच टप्प्यात गाडी धावते. अवघड बाळंतपणाला खाली न्यावं लागतं, पोरांना कॉलेजसाठी घाट उतरावा लागतो, आणि ई-रिक्षा गावाला पुरतील इतक्या हव्यात. ज्यांना माथेरानची एवढी काळजी आहे त्यांनी रेल्वेच्या खेपांसाठी भांडावं, दवाखान्यातल्या डॉक्टरसाठी भांडावं, ई-रिक्षांचे परवाने ओढणाऱ्यांच्याच नावावर व्हावेत म्हणून भांडावं. तिथे आम्ही त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहू. मोटार वर आणायला निघाले तर मात्र दस्तुरीलाच आडवे येऊ.