गॅरेजमधून : जॅकलाही तेलपाणी लागतं



गेल्या अंकात स्नो-ब्लोअरबद्दल लिहिलं, त्यावर चार-पाच फोन आले. त्यातल्या एका वहिनींनी विचारलं, "भावजी, आमच्याकडे गॅरेजच्या कोपऱ्यात चाकांचा लाल जॅक पडलाय. हे म्हणतात चांगला आहे, पण गाडी उचलली की थोड्या वेळाने आपोआप खाली बसते. चालेल का?"

वहिनी, चालणार नाही. का चालणार नाही हे मला अनुभवाने कळलेलं आहे, म्हणून या वेळचं सदर जॅकवर. आपल्या मिशिगनमध्ये आता बर्फाचे टायर चढवायचे दिवस आलेच आहेत.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरमधली गोष्ट. शनिवारची सकाळ, मी आणि थोरले चिरंजीव ड्राइव्हवेत टायर बदलत होतो. जॅक माझा लाडका, एका गॅरेज सेलमध्ये १५ डॉलरला मिळालेला. पुढचं चाक काढलं, आणि चाकाचा एक नट घरंगळत गाडीखाली गेला. चिरंजीव पालथे पडून खांद्यापर्यंत हात खाली घालून तो शोधू लागले. तेवढ्यात त्याने हात मागे घेतला आणि म्हणाला, "बाबा, इज द कार मूव्हिंग?" मी वाकून बघतोय तोवर कर्र आवाज झाला आणि गाडी टेकली. जमिनीवर नाही, काढलेल्या चाकावर. ते चाक मी सवयीने दाराच्या खालच्या पट्टीखाली आडवं सरकवून ठेवलं होतं.

ही सवय माझ्या मामाची. मामा कराडच्या एस.टी. डेपोत मेकॅनिक होता. सुट्टीत त्याच्याकडे गेलो की डेपोत नेऊन बसवायचा. बसखाली शिरण्याआधी तो लाकडी ठोकळे लावून घ्यायचा आणि काढलेलं चाकही खाली ढकलायचा. नवीन पोरांना सांगायचा, "जॅकवर भरवसा ठेवायचा तो गाडी उचलेपर्यंत. पुढं ठोकळ्यावर." त्या दिवशी मामाची आठवण झाली आणि पाय थोडे लटपटले. चिरंजीवांच्या कोपराला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. घरात सौ.ला मी फक्त "जॅक बिघडलाय" एवढंच सांगितलं होतं. आता अंक हातात पडल्यावर बाकीचं कळेलच.

दुपारी जॅक उघडून बघितला. तेल निम्म्यावर, काळं आणि खाली कचकच. गॅरेजच्या फरशीवर वर्षभर जो तेलकट डाग दिसत होता, तो मी गाडीचा समजत होतो. तो जॅकचा होता.

आत काय चालतं

शाळेत पास्कलचा नियम शिकलो होतो, आठवतो का? बंद जागेतल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोचतो. त्यावरच ब्रामा नावाच्या इंग्रज कारागिराने १७९५ मध्ये हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं, आणि आपला जॅक त्याच घराण्यातला. दांडा हलवला की एक बारीक दट्ट्या तेल ढकलतो. ते तेल जाड दट्ट्याखाली जातं. जाड दट्ट्याचं क्षेत्रफळ बारीक दट्ट्याच्या २० पट असेल तर ५० पौंडांच्या जोराचे १००० पौंड होतात. फुकट मात्र काही मिळत नाही. जोर २० पट, तर अंतर विसावा हिस्सा. म्हणून दांडा इतक्या वेळा खालीवर करावा लागतो.

आता मुद्द्याची गोष्ट. आपण दांडा हलवायचं थांबवतो, तेव्हा गाडी आतल्या तेलावर उभी असते. ते तेल टाकीत परत जाऊ नये म्हणून वाटेत असतात फक्त लहान पोलादी छर्रे आणि रबराच्या रिंगा. छर्ऱ्याच्या बैठकीत वाळूचा एक कण अडकला, किंवा रबर कडक होऊन चिरलं, की तेल हळूहळू मागे झिरपतं आणि गाडी खाली येऊ लागते. आवाज नाही, सूचना नाही. म्हणून तेल स्वच्छ ठेवणं ही जॅकची निम्मी देखभाल आहे.

डिकीतला कात्रीसारखा जॅक स्क्रूवर चालतो, त्यात तेल नसतं. हे सगळं चाकांच्या फ्लोअर जॅकबद्दल आणि उभ्या बाटलीसारख्या जॅकबद्दल आहे.

वर्षातून एकदा, तासाभराचं काम

१. जॅक पूर्ण खाली उतरवा. वर उचललेल्या जॅकमध्ये तेल भरलं तर तो उतरताना तेल बाहेर येतं, नाहीतर आत दाबून बसतं.

२. सगळं फडक्याने पुसून घ्या, मग टाकीचं बूच काढा. हे रबरी असतं किंवा स्क्रूचं. फ्लोअर जॅकमध्ये बहुधा वरच्या पत्र्याखाली सापडतं. आधी पुसायचं कारण असं, की बूच काढताना पडलेली घाणच पुढे छर्ऱ्याखाली जाऊन बसते.

३. रिलीज व्हॉल्व्ह एक-दोन फेरे सैल करा आणि जॅक पसरट भांड्यावर तिरका करून जुनं तेल ओता. व्हॉल्व्ह पूर्ण बाहेर काढू नका. काही जॅकमध्ये त्यामागचा छर्रा घरंगळतो आणि मग सौ.च्या मदतीने गॅरेज झाडत बसावं लागतं. तेल ताकासारखं पांढरट आलं तर आत पाणी गेलंय. काळं आणि कचकचीत आलं तर थोडं नवीन तेल घालून, हलवून, पुन्हा ओतून टाका.

४. नवीन तेल घाला, पण फक्त हायड्रॉलिक जॅक ऑइल. ऑटो पार्ट्सच्या दुकानात याच नावाने बाटली मिळते आणि एक क्वार्ट घरगुती जॅकला भरपूर होतं. ब्रेक फ्लुइड मुळीच नको. नावात फ्लुइड आहे म्हणून आपल्यातल्या एकाने ते घातलं होतं. त्याने आतले रबर फुगतात आणि जॅक कामातून जातो. इंजिन ऑइलही नको, इथल्या थंडीत ते फार घट्ट होतं. मथळ्यात मी तेलपाणी म्हटलं असलं तरी पाणी तर अजिबात नको.

५. तेल बुचाच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत, किंवा पुस्तकात खूण दिली असेल तिथपर्यंतच भरा. काठोकाठ नको, वर थोडी हवा लागते.

६. आता आतली अडकलेली हवा काढायची. रिलीज व्हॉल्व्ह उघडा ठेवून दांडा १०-१५ वेळा भराभर पूर्ण खालीवर करा. व्हॉल्व्ह बंद करून जॅक रिकामाच वर न्या, खाली आणा. दांडा अजून स्पंजासारखा लागत असेल तर पुन्हा तेच. शेवटी तेलाची पातळी बघून बूच लावा.

७. चाकं, सांधे, दांड्याची खाच यांना ग्रीस लावा. दट्ट्याचा चकचकीत भाग पुसून तेलाचा हलका हात फिरवा. रस्त्यावरच्या मिठाने त्यावर गंजाचे खड्डे पडतात आणि प्रत्येक वेळी वरखाली होताना ते रबराला किसणीसारखे किसतात.

८. जॅक नेहमी पूर्ण खाली उतरवून ठेवायचा, म्हणजे तो चकचकीत भाग आत सुरक्षित राहतो. जुनं तेल गटारात किंवा लॉनवर ओतू नका. डब्यात भरून वापरलेलं तेल घेणाऱ्या ठिकाणी नेऊन द्या.

एका स्क्रूला मात्र हात लावायचा नाही. जॅकवर क्षमतेपेक्षा जास्त वजन येऊ नये म्हणून कारखान्यातच बसवून दिलेला एक सुरक्षा व्हॉल्व्ह असतो. "जरा आवळला की जास्त उचलेल" असं सांगणारा मित्र भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

आजार ओळखायचा कसा

पूर्ण उंची गाठत नाही : तेल कमी. दांडा स्पंजासारखा : आत हवा. दांडा आपोआप वर येतो : पंपाजवळच्या छर्ऱ्याखाली घाण. गाडी हळूहळू बसते : रिलीज व्हॉल्व्ह नीट बंद नाही, किंवा छर्ऱ्याखाली घाण, किंवा रबर गेलेले. थंडीत सुस्त चालतो : तेल घट्ट झालंय, जॅक थोडा वेळ घरात आणून ठेवा.

वहिनींसाठी एक सोपी परीक्षा. सपाट काँक्रीटवर गाडी थोडी उचला, दोन्ही जॅक स्टँड बोटभर खाली लावून ठेवा आणि मुलांच्या पट्टीने जमिनीपासूनची उंची मोजा. अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. उंची कमी झाली असेल तर वरची सगळी साफसफाई करा. तरीही उतरत असेल तर रबरांचा संच बदलून घ्यावा लागेल. आणि दट्ट्यावर गंजाचे खड्डे असतील किंवा वेल्डिंगला चीर दिसत असेल, तर जॅक भंगारात द्या. माझा १५ डॉलरचा जॅक मी शेवटी भंगारातच दिला. वाईट वाटलं, पण नवा जॅक इमर्जन्सी रूमच्या एका फेरीपेक्षा केव्हाही स्वस्त.

आणि शेवटचं, पण हे आधी वाचा

जॅक कितीही उत्तम असला, कालच तेल बदललं असलं, तरी नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरायचं नाही. डोकं नाही, हातही नाही. जॅक उचलण्यासाठी असतो, गाडी धरून ठेवायला पोलादी स्टँड. पार्किंग ब्रेक लावा, जमिनीवरच्या चाकांना पाचर लावा, स्टँड गाडीच्या पुस्तकात दाखवलेल्या जागीच ठेवा, गाडी त्यांच्यावर टेकवा आणि हाताने हलवून बघा. स्टँडचाही आंधळा भरवसा नको. २०२० मध्ये अमेरिकेत लाखो स्टँड परत मागवले गेले, कारण दाता पुरेसा खोल अडकत नव्हता. म्हणून काढलेलं चाक खाली सरकवायची मामाची पद्धत मी अजून सोडलेली नाही.

आपण इथे आल्यावर पैसे वाचवायला सगळं स्वतः करायला शिकलो. गावाकडे कोपऱ्यावरचा पंक्चरवाला करायचा ते इथे ड्राइव्हवेत करतो आणि मुलंही बघून बघून शिकतात. ती आपला शॉर्टकटही शिकतात, एवढं लक्षात असू द्या. आमचे चिरंजीव आता दुसऱ्या गावी नोकरीला आहेत. वाढदिवसाला काय हवं विचारलं तर म्हणाले, "स्टँडची जोडी."

ज्यांना टायर बदलायला जॅक हवा असेल त्यांनी संकोच न करता फोन करावा, माझा नवा जॅक उसना देईन. अट एकच, स्टँडची जोडीही बरोबर न्यायची. नुसता जॅक मिळणार नाही.

पुढच्या अंकात गाडीची बॅटरी आणि जंपर केबल. कळावे, लोभ असावा.

— गॅरेजवाला