सुई पिल्लाला, उपाशी डुकरीण



सिमेंटच्या फरशीवर डुकरे पाळणाऱ्यांना हा हिशेब पाठ आहे. पिल्लू जन्मते ते जेमतेम ५० मिलिग्रॅम लोह घेऊन. रोज लागते ७, आईच्या दुधातून मिळते १. उकरायला माती नाही, म्हणून तिसऱ्या दिवशी लोहाचे इंजेक्शन. ते द्यायलाच हवे.

पण सुई टोचल्यावर दिवसभरात धडधाकट पिल्ले मेली, की आपण औषधाला नाहीतर टोचणाऱ्याला शिव्या देतो. शेतकीची पदवी खिशात असून आम्हीही तेच करत होतो. खोट अनेकदा डुकरिणीच्या खाद्यात असते. मोकळे लोह पेशींतली चरबी जाळते. ती आग आवरतात दोघे : ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम. गाभण डुकरिणीलाच ते मिळाले नाही, तर पिल्लाला कुठून मिळणार? आणि आपण तिला घालतो काय? हॉटेलचे खरकटे, त्यात दहादा तळलेले तेल. खवट तेल खाद्यातले उरलेसुरले ई जीवनसत्त्वही संपवते.

मात्र सेलेनियम मुठीने टाकायची वस्तू नव्हे. किलोभर खाद्यात ०.३ मिलिग्रॅम पुरते. ५ च्या पुढे गेले की तेच विष, केस गळतात, खूर सुटतात. अन् बाजारातल्या कित्येक पोत्यांवर नुसते ‘मिनरल मिक्श्चर’! कशात काय किती, हे छापलेले नसेल ते पोते घेऊ नका. घेतले असेल तर रिकामे पोते आणि पावती जिल्हा बैठकीला आणा. पशुसंवर्धन अधिकाऱ्यांच्या टेबलावर आपण ती सगळी एकदमच ठेवू.