शिक्षकाची वही कोण तपासणार?

मराठीच्या प्राध्यापकांच्या कोणत्याही बैठकीत एक तक्रार हमखास ऐकू येते : विद्यार्थी वाचत नाहीत आणि त्यांना चार वाक्ये धड लिहिता येत नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून या तक्रारीला अधिकच करुण सूर लागला आहे. तक्रार खोटी नाही. पण ती करणारे आपण स्वतः काय वाचतो, काय लिहितो आणि लेखन शिकवायला कोठे शिकलो, हा प्रश्न त्या बैठकीत सहसा निघत नाही. प्रस्तुत लेखात तो विचारायचा आहे, आणि सुरुवात स्वतःपासूनच केलेली बरी.

काही वर्षांपूर्वी तृतीय वर्ष कला शाखेच्या वर्गाला मी 'पाहिलेले एक काम' या विषयावर पानभर लिहायला सांगितले. बहुतेक वह्यांत 'श्रम हीच खरी पूजा होय' या सुरुवातीनंतर लगेच बळीराजा अवतरला होता. लांजा भागातून एस.टी.ने येणाऱ्या एका विद्यार्थिनीने मात्र आधी विचारून घेतले, "मॅडम, आईचं लिहिलं तर चालेल?" तिची आई काजूच्या कारखान्यात कामाला जात होती. लेखन जेमतेम बारा-तेरा ओळींचे होते. चिकाने काळी पडलेली आणि सोललेली बोटे, निजण्यापूर्वी त्यांना लावायचे खोबरेल, घरी आल्यावरही अंगाला येणारा कारखान्याचा वास. वाक्ये तुटक होती, दोन-तीन तर सरळ घरच्या बोलीत होती. मी ती वही लाल शाईने तपासली. अकरा ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ, तीन ठिकाणी 'बोलीभाषा टाळावी' आणि खाली शेरा : 'विस्तार हवा.' पुढच्या वेळी तिने दोन पाने लिहून आणली. त्यांत एकही चूक नव्हती आणि आईही नव्हती.

त्या वहीवर मी काय लिहायला हवे होते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ठाऊक असण्याचे काही कारणही नव्हते. माध्यमिक शाळेतील शिक्षकाला निदान बी.एड. करावे लागते, महाविद्यालयीन अध्यापकाला अध्यापनाची कोणतीही पदवी लागत नाही. त्याच्या पात्रतेची नेट परीक्षा तर २०१२ पासून पूर्णतः बहुपर्यायी झाली. म्हणजे मराठीचा अध्यापक होण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या या परीक्षेत मराठीचे एकही वाक्य लिहावे लागत नाही, योग्य पर्याय निवडला की झाले.

मग उरते ते सेवांतर्गत प्रशिक्षण. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने अकॅडमिक स्टाफ कॉलेजे काढली. पुढे २०१५ मध्ये त्यांची मानव संसाधन विकास केंद्रे झाली आणि २०२३ पासून हे सारे मालवीय मिशनच्या छत्राखाली आले. नावे बदलत गेली, तरी आमचा अनुभव फारसा बदलला नाही. चार आठवड्यांचा उद्बोधन वर्ग, तीन आठवड्यांचा उजळणी वर्ग, दिवसाला चार व्याख्याने, पडद्यावर सरकणाऱ्या पाट्या, अखेरीस अभिप्रायाचा अर्ज आणि प्रमाणपत्र. काही व्याख्याने खरोखर उत्तम असतात, हे मान्य केले पाहिजे. एका ज्येष्ठ समीक्षकांचे व्याख्यान ऐकून मी एक कादंबरी नव्याने वाचली. परंतु मी गेले त्या एकाही वर्गात कोणी विद्यार्थ्याची वही टेबलावर ठेवली नाही, आणि 'आता तुम्ही पानभर लिहा व शेजाऱ्याला वाचून दाखवा' असेही कोणी म्हटले नाही. पोहण्यावरची व्याख्याने ऐकून आम्ही कोरडेच परतलो. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांच्या वाट्याला तर बहुधा हेही येत नाही. पदोन्नतीच नाही, तर पदोन्नतीसाठीचे प्रशिक्षण कोठून येणार? वस्तुतः महाविद्यालयात नव्याने आलेला विद्यार्थी अनेकदा प्रथम त्यांच्याच हाती पडतो.

यावर कोणी म्हणेल, अध्यापक लिहीत नाहीत कसे? २०१० मध्ये आयोगाने गुणांकनाची पद्धत आणल्यापासून शोधनिबंधांचा पूर आला आहे. तो आला, त्यात माझीही भर आहे. अलीकडे माझाच एक जुना शोधनिबंध चाळताना मला ओळखीची वाक्ये भेटली : 'प्रस्तुत कलाकृतीत लेखकाने मानवी जीवनाचे दर्शन घडविले आहे.' हेच वाक्य गाईडमधून विद्यार्थ्याने उतरवले की आपण त्याला नावे ठेवतो. आता तर असे वाक्य मोबाइलवरील यंत्र क्षणात, शुद्धलेखनाच्या चुकांशिवाय लिहून देते. ज्याला दुसऱ्या प्रकारचे वाक्य लिहिण्याची सवयच नाही, तो शिक्षक विद्यार्थ्याला यंत्रापासून कोणत्या तोंडाने परावृत्त करणार?

हे नेहमीच असे नव्हते. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी भूषवले. शिक्षक घडवणारा हा गृहस्थ स्वतः 'रासेलस' आणि अरबी सुरस कथा मराठीत आणत होता. त्यांचे मराठी व्याकरणावरील निबंध प्रसिद्ध झाले ते 'शालापत्रक' या शिक्षणविषयक मासिकातून. त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी हेच मासिक पुढे चालवले. १८७४ मध्ये त्यांनी 'निबंधमाला' सुरू केली, तेव्हा ते सरकारी शाळेत शिक्षक होते. पहिलाच निबंध मराठी भाषेच्या सद्यःस्थितीवर होता. पुढे सरकारने त्यांची बदली केली ती आमच्या रत्नागिरीला. १८७९ मध्ये नोकरी सोडेपर्यंत ते येथे शिकवत होते आणि 'निबंधमाला'ही चालू होती. त्यांचा दर्प आणि जोतीराव फुल्यांवर त्यांनी केलेली टीका यांचे समर्थन करण्याचे कारण नाही. मुद्दा एवढाच की दिवसा वर्गावर जाणारा शिक्षक रात्री स्वतःच्या वाक्याशी झगडत होता, आणि त्या काळी ही दोन कामे वेगळी मानली जात नव्हती.

बाहेरच्या जगातही या विचाराला आधार आहे. १९७४ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे जेम्स ग्रे यांनी शिक्षकांसाठी लेखनाचा एक उपक्रम सुरू केला आणि पुढे तो अमेरिकाभर पसरला. त्यामागील धारणा साधी होती : लेखन शिकवणाऱ्याने स्वतः लिहावे, आणि शिक्षकांना शिकवायला सर्वांत योग्य माणूस म्हणजे अनुभवी शिक्षकच. उन्हाळ्याच्या सुटीत शिक्षक एकत्र जमतात, लिहितात, एकमेकांचे वाचतात आणि आपल्या वर्गातले प्रयोग मांडतात. आपल्याकडे साठ-सत्तर विद्यार्थ्यांचे वर्ग, सत्रपद्धतीची घाई आणि बिनशैक्षणिक कामे आहेत. तो नमुना जसाच्या तसा उचलता येणार नाही. पण प्रत्येक वही प्रत्येक वेळी तपासलीच पाहिजे असे कोठे आहे? महिन्यातून एक पान, तेही आळीपाळीने, मन लावून वाचले तरी पुष्कळ.

म्हणून एक सुचवावेसे वाटते. शासनाच्या पुढील परिपत्रकाची वाट न पाहता शाळा आणि महाविद्यालयांतील पाच-सहा मराठी शिक्षकांनी महिन्यातून एकदा जमावे. तासिका तत्त्वावरील सहकाऱ्यांना आग्रहाने बोलवावे. जागेची अडचण नसावी. १८२८ मध्ये स्थापन झालेले नगर वाचनालय ज्या गावात आहे, त्या गावाने तरी ती सबब सांगू नये. प्रत्येकाने दोनच गोष्टी आणाव्यात : नाव झाकलेले विद्यार्थ्याचे एक पान आणि स्वतः लिहिलेले एक पान. दोन्ही मोठ्याने वाचावीत. पहिला अर्धा तास कोणीही शुद्धलेखनाबद्दल बोलू नये. प्रमाणपत्र देऊ नये, म्हणजे ज्यांना फक्त तेच हवे ते येणार नाहीत.

स्वतःचे पान सहकाऱ्यांसमोर वाचताना आवाज कापतो. दर आठवड्याला आपण विद्यार्थ्यांना याच अवस्थेत उभे करतो, हे तेव्हा कळते. शेरा कसा लिहावा याचा पहिला धडा बहुधा तेथेच मिळेल.

ती विद्यार्थिनी केव्हाच पदवीधर होऊन गेली. तिची वही आज पुन्हा समोर आली, तर ऱ्हस्वदीर्घ मी दुसऱ्या वाचनासाठी राखून ठेवीन. बोलीतल्या वाक्यांना हात लावणार नाही. 'विस्तार हवा' हा शेरा खोडून त्या जागी एक प्रश्न लिहीन : 'अशा बोटांनी आई रात्री गरम उकडीची भाकरी कशी थापते, ते मला सांगशील का?'