हिरवी शाल

बेंगळूरच्या आमच्या मराठी मंडळींत शेतकरी चळवळीचा विषय निघाला, की शरद जोशींचे नाव आदराने घेतले जाते आणि प्रा. एम. डी. नंजुंडस्वामींचे हसून. एक विचारवंत, तर दुसरा दगडफेक्या! ज्या शहराचे अन्न आपण खातो, तेथील माणसाविषयी इतक्या तोकड्या माहितीवर निकाल द्यावा, हे सुशिक्षितांना शोभते काय?

जोशी टपाल खात्यातून बर्नला गेले आणि परतल्यावर आंबेठाणला कोरडवाहू जमीन कसू लागले. नंजुंडस्वामी (१९३६–२००४) कायद्याचे प्राध्यापक. हेगला आंतरराष्ट्रीय कायदा शिकून आलेले. १९८० साली नरगुंद-नवलगुंदला गोळीबार झाला आणि त्याच वर्षी कर्नाटक राज्य रयत संघ उभा राहिला. गावोगावी वेशीवर पाट्या लागल्या : परवानगीवाचून अधिकाऱ्याने गावात येऊ नये. आपल्याला हा उर्मटपणा वाटतो. परंतु आपल्या साहेबांच्या दारावरही तशीच पाटी असते, आणि तिला आपण शिस्त म्हणतो!

डिसेंबर १९९२ मध्ये रयत संघाने येथील कारगिल कंपनीच्या कचेरीतील कागद रस्त्यावर आणून जाळले. जानेवारी १९९६ मध्ये ब्रिगेड रोडवरील केंटुकीचे उपाहारगृह फोडले. मी कारकून आहे. फाईल जळाल्याचे नुसते ऐकूनही मला बरे वाटत नाही, आणि या मोडतोडीचे समर्थन मी करणार नाही. डंकेल प्रस्तावावरही मला जोशींचाच तर्क अधिक पटतो. ज्या बीटी कापसाची शेते १९९८ साली रयत संघाने जाळली, तोच कापूस पुढे कर्नाटकातील शेतकऱ्यानेही आपखुशीने पेरला, हे प्राध्यापकांच्या भक्तांनी विसरू नये. पण ‘बियाणे कोणाचे?’ हा त्यांचा प्रश्न काही वेडाचा नव्हता. आपल्या शेतातील बी राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, वाटण्याचा शेतकऱ्याचा हक्क संसदेने २००१ साली कायद्यात लिहिला. तरीही २०१९ मध्ये गुजरातच्या बटाटा उत्पादकांवर पेप्सीने वाणाच्या मालकीवरून दावे लावलेच. ओरड झाली, तेव्हा मागे घेतले.

त्यांचा खरा दोष मला अन्यत्र दिसतो. रस्त्यावर लाखोंनी जमणारा रयत मतपेटीपाशी जातीकडे आणि पक्षाकडे वळतो, हे समाजवादी मुशीतल्या या पंडिताने ओळखावयास हवे होते. ते स्वतः धारवाड भागातून आमदार झाले, एवढेच. संघ फुटला. सहकारी बाबागौडा पाटील १९९८ साली बेळगावहून भारतीय जनता पक्षाचे खासदार झाले.

आणि रयत संघाची ती हिरवी शाल? मे २०१८ मध्ये येडियुरप्पांनी ती खांद्यावर घेऊन शेतकऱ्यांच्या नावे मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. त्या दिवशी मात्र आमच्या मंडळींत कोणीही हसले नाही.