कुऱ्हाडीचा दांडा कोणाच्या हातात?

'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण आपण इतक्या सहजपणे वापरतो, की तो दांडा कोणाच्या हातात आहे हे विचारायचे राहूनच जाते. जंगलाविषयीच्या आपल्या ललित लेखनाचेही तेच झाले आहे. झाड निष्पाप, कुऱ्हाड क्रूर. आणि तिथे राहणारा माणूस एकतर निसर्गाचे भाबडे लेकरू, नाहीतर लाकूडचोर. कोणते झाड तोडायचे आणि कोणते राखायचे हे त्यानेच ठरवावे, ही कल्पना आपल्या सौंदर्यदृष्टीला मानवत नाही. (प्रामाणिक लाकूडतोड्याची गोष्ट आठवा. देवतेने कुऱ्हाडीच्या मालकीची कसून चौकशी केली; झाड कोणाचे, हे तिनेही विचारले नाही.)

या दृष्टीला छेद देणारे उदाहरण टांझानियाच्या आग्नेय किनाऱ्यावरील किल्वा जिल्ह्यात आहे. तिथल्या जंगलात वाढणारा 'मपिंगो' हा आपल्या शिसवीचा भाऊबंद. झाड काटेरी, वेडेवाकडे, उंचीने बेताचे. परंतु गाभा काळाकुट्ट आणि इतका घट्ट, की पाण्यात टाकला तर बुडतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदातील उत्तम क्लॅरिनेट आणि ओबो याच लाकडाचे होतात. माकोंडे कलावंतांची काळी शिल्पेही याचीच. झाड तोडण्याजोगे व्हायला कित्येक दशके जावी लागतात. मैफलीत ते लाकूड गात होते तेव्हा ज्याच्या शिवारातून ते गेले त्या गावकऱ्याच्या पदरात मात्र जवळजवळ काहीच पडत नव्हते. मग त्याने चोरट्या तोडीला का अडवावे?

टांझानियाच्या २००२च्या वनकायद्याने हे गणित बदलले. गावाला आपल्या हद्दीतील जंगल ग्रामराखीव म्हणून जाहीर करता येऊ लागले आणि तिथल्या लाकडाचे उत्पन्नही गावाचेच ठरले. २००९मध्ये किल्वा जिल्ह्यातील किकोले आणि किसंगी या गावांच्या जंगलांना 'फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल'चे प्रमाणपत्र मिळाले. लोकांनी सांभाळलेल्या नैसर्गिक जंगलाला ते मिळण्याची आफ्रिकेतील ती पहिलीच वेळ. झाडांची मोजदाद, तोडीची मर्यादा, गस्त या रुक्ष गोष्टींतून ते साधले. अशा गोष्टींवर ललितबंध होत नाही, हे मान्य.

'गावकरीसुद्धा लोभी असतात' हा आक्षेप ठरलेला आहे. असतातच. गावपुढारी पैसे खातात, व्यापारी समितीला फितवतो. परंतु सरकारी वनखाते निर्लोभ असते हे कोणी आणि कधी सिद्ध केले? गावातला हिशेब निदान शेजाऱ्याला मागता येतो.

आता आपल्याकडे वळू. २००६च्या वनहक्क कायद्याने गावाला आपले सामूहिक जंगल राखण्याचा हक्क दिला, गौण वनोपजाची मालकीही दिली. मध, मेण, लाख, तेंदूपान, बांबू हे सारे त्या व्याख्येत बसते. इमारती लाकूड तेवढे वगळलेले आहे. म्हणजे शिसवीची राखण गावाने करायची आणि तिच्या खोडावर मालकी मात्र सांगायची नाही. ही शिसवी आज आंतरराष्ट्रीय यादीत असुरक्षित म्हणून नोंदलेली आहे. किल्व्यातील गावांना जे हाती आल्यावर झाड राखावेसे वाटले, नेमके तेच आपल्या कायद्याने व्याख्येबाहेर ठेवले. या व्याख्येवर आपल्या जंगलविषयक ललित लेखनात एक परिच्छेदही माझ्या वाचनात आलेला नाही. फुललेल्या पळसावर मात्र ढिगाने आहेत.