पोलीस स्थानकाची इमारत मागायची, ती हक्काने

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. सीमाभागातील मराठी माणसाने त्यात आणखी एका पायरीची भर घातली, ती पोलीस स्थानकाची. चोरी झाली तर गप्प बसायचे, बांधावरून भांडण झाले तर पंचांनी मिटवायचे आणि अगदीच नाइलाज झाला तर कोणातरी पुढाऱ्याला सोबत घेऊन जायचे. या सवयीची किंमत आता आपल्यालाच मोजावी लागत आहे, म्हणून हा विषय आम्ही येथे घेत आहोत.

मच्छे आता पूर्वीचे राहिलेले नाही. औद्योगिक वसाहत आली. 1998 साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचा परिसर आपल्या शिवाराला लागून उभा राहिला. खानापूर-गोवा महामार्गावरची वर्दळ रात्रंदिवस सुरू असते. ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली. जुन्या घरांच्या मागे भाड्याच्या खोल्या झाल्या आणि गल्लीतला प्रत्येक माणूस ओळखीचा असण्याचे दिवस संपले. 2014 साली बेळगावला पोलीस आयुक्तालयही झाले. पण मच्छेच्या माणसाला फिर्याद द्यायची झाली तर अजूनही बेळगावचाच रस्ता धरावा लागतो. राज्य राखीव पोलीस दलाच्या दुसऱ्या बटालियनचा तळ आपल्या मच्छेतच आहे, हे खरे. परंतु राखीव दल बंदोबस्तासाठी असते. सायकल चोरीला गेली म्हणून तेथे कोणी फिर्याद लिहून घेत नाही.

जुन्या पोलीस स्थानकांची अवस्था वाचकांना नव्याने सांगायला नको. दाटीवाटीच्या दोन-तीन खोल्या, भिंतींना ओल, कपाटात न मावणारे कागद आणि आवारात गंजत पडलेली जप्तीची वाहने. फिर्यादी, आरोपी आणि दोघांचे नातेवाईक एकाच व्हरांड्यात उभे. घरात मारहाण झालेल्या बाईने आपली कहाणी सांगायची ती दहा अनोळखी माणसांच्या देखत. अशा जागेत ती काय सांगणार? तिच्या सोबत आलेली आईच तिला म्हणते, चल बाई घरी, नको ही बेअब्रू. फिर्याद तेथेच संपते आणि सरकारी कागदावर मात्र गुन्हे कमी दिसतात.

यावर आमचे काही ज्येष्ठ वाचक विचारतील, ज्या पोलिसांनी आपल्यावर लाठ्या चालवल्या, त्यांच्यासाठी आपण इमारत मागायची? हा प्रश्न आम्ही झटकून टाकत नाही. 1986 च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात गोळीबार झाला आणि आपले नऊ जण हुतात्मे झाले. 2014 च्या जुलैमध्ये फलकाच्या निमित्ताने येळ्ळुरात काय घडले, हे तर मच्छेकरांनी शेजारून पाहिले आहे. ते विसरा असे आम्ही कधीच म्हणणार नाही.

पण नेमके त्याच कारणासाठी आम्ही ही मागणी करतो. अंधाऱ्या, अडचणीच्या जागेत सामान्य माणसाचा बचाव होत नाही. शीला बारसे यांच्या महाराष्ट्रातील खटल्यात, 1983 साली, सर्वोच्च न्यायालयाने स्त्री संशयितांसाठी वेगळी कोठडी आणि त्यावर महिला पोलिसांचा पहारा असावा, असे सांगितले. जेथे कोठडीच एक, तेथे हा आदेश पाळायचा कसा? डिसेंबर 2020 मध्ये त्याच न्यायालयाने प्रत्येक पोलीस स्थानकात प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडा, स्वागतकक्ष अशा सर्व ठिकाणी आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे बसवण्याचा आणि ते चित्रण अठरा महिने, निदान वर्षभर तरी, जपण्याचा आदेश दिला. असे कॅमेरे ज्या इमारतीत नीट चालतील ती इमारत पोलिसांपेक्षा आपल्या पोरांच्या जास्त उपयोगाची आहे. लाठी खाल्लेल्या माणसाला साक्षीदार लागतो, आणि तो भिंतीवर असला तर फितूर होत नाही.

पैसा कोठून येणार, असेही विचारले जाईल. पोलीस हा घटनेप्रमाणे राज्याचा विषय आहे, म्हणजे पहिली जबाबदारी बेंगळूरची. पोलिसांच्या इमारती बांधण्यासाठी कर्नाटकाने 1985 साली वेगळे महामंडळ काढले आहे. केंद्राकडूनही 1969-70 पासून पोलीस आधुनिकीकरणासाठी राज्यांना मदत मिळत आली आहे. 2021-22 ते 2025-26 या पाच वर्षांसाठी केंद्राने आधुनिकीकरणाच्या एकूण योजनेला 26,275 कोटी रुपये मंजूर केले होते. हलग्याजवळ सुवर्ण विधानसौध उभे करताना 2012 पर्यंत पैशाची अडचण आली नाही आणि अधिवेशनाच्या बंदोबस्तासाठी ठिकठिकाणांहून पोलीस आणतानाही येत नाही. मग बारा महिने येथे राहणाऱ्या करदात्यासाठीच खजिना रिकामा कसा?

इमारतीइतकाच महत्त्वाचा प्रश्न भाषेचा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे हद्द कोणतीही असली तरी फिर्याद घ्यावी लागते. तोंडी फिर्याद लिहून घेतल्यावर ती फिर्यादीला वाचून दाखवावी लागते आणि तिची प्रत मोफत द्यावी लागते. पण जी भाषा समजत नाही, त्या भाषेत वाचून दाखवलेल्या कागदावर आपली सत्तरीची आजी अंगठा उठवते तेव्हा तिने नेमके काय मान्य केले? घटनेचे 350 वे कलम राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकार देते. म्हणून नव्या इमारतीच्या मागणीबरोबरच मराठी जाणणारा फिर्याद लेखक आणि दारावर मराठीतही फलक, या दोन मागण्या जोडल्याच पाहिजेत. त्यांना इमारतीइतका पैसा लागत नाही. इच्छा लागते.

काहींना भीती वाटते की अशा मागण्या करून आपण सीमाप्रश्नावरचा दावा सैल करतो. आम्हास तसे वाटत नाही. महाराष्ट्राने 2004 साली दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्याचा निकाल न्यायालय देईल. तोवर कर आपण भरतो, रस्ता आपण वापरतो आणि चोरही आपल्याच घरात शिरतो. हक्काच्या सोयी मागणे म्हणजे शरणागती नव्हे. उलट न मागणाऱ्याचे नाव यादीत कधीच येत नाही. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, हे सरकार तर आई नव्हेच.

आता करायचे काय? नगरपंचायतीने जागा सुचवून ठराव करावा. महिला मंडळे, युवक मंडळे आणि पंचमंडळांनी आपापली निवेदने मराठीतच लिहून आयुक्तांकडे द्यावीत आणि त्याची पोच घ्यावी. आमदार-खासदारांना भेटायचे ते बेळगावातील अधिवेशनापूर्वी, म्हणजे अर्थसंकल्पाची जुळवाजुळव होण्याआधी. निवडणुकीच्या तोंडावर मिळणाऱ्या आश्वासनांचा अनुभव आपल्या गाठीशी पुरेसा आहे. आणि शेवटचे, पण कठीण काम प्रत्येक घराचे आहे. पुढच्या वेळी काही घडले तर गप्प बसू नका, फिर्याद नोंदवा आणि प्रत मागून घ्या. नोंदच नसेल तर गरज दाखवायची कशाने?