चहा निवतो, पण लॅपटॉप उठत नाही



मागच्या खेपेला आपण ब्लोअरच्या नोझलविषयी बोललो. या खेपेचे यंत्र शेतात जात नाही. ते सोसायटीच्या कचेरीत टेबलावर बसते. पण सकाळी ते वेळेवर उठले नाही, तर दिवस शेतकऱ्याचाच मोडतो.

निफाड तालुक्यातल्या एका सोसायटीच्या सचिवांचे पत्र आले. ते लिहितात, "कचेरीचा लॅपटॉप चालू केला की मी चहा सांगतो. चहा येतो, पिऊन होतो, कप परत जातात, तरी पडद्यावर गोल फिरतच असते. चेअरमन म्हणतात, नवा घेऊन टाका. तुमचे मत कळवा."

मत कळवण्याआधी यंत्र पाहावे, म्हणून मी गेलो. मार्च महिना सरत आला होता. द्राक्षांचे पैसे हाती आलेले, आणि वेळेत कर्ज भरून व्याजाची सवलत पदरात पाडून घ्यायची म्हणून ओट्यावर दहा-बारा सभासद बसलेले. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले, तर पंजाबराव देशमुख योजनेत व्याजाचा भार उतरतो. मुदत हुकली की सवलत गेली. एक आजी पासबुक पदरात गुंडाळून सकाळी नऊपासून बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "का रं बाबा, त्याला उठवायला आलास का?"

पूर्वी हे काम खतावणीवर व्हायचे. आता तसे राहिले नाही. केंद्र सरकारने २९ जून २०२२ रोजी देशातल्या ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली आणि त्यासाठी २,५१६ कोटी रुपये ठरवले. निर्यातीच्या द्राक्षबागांची नोंद तर ग्रेपनेटवर २००६ पासूनच होते आहे. तेव्हा संगणक आता आपल्या घरचाच झाला. मग बैलाच्या पायाकडे बघतो तसे त्याच्याकडेही बघायला हवे.

आपल्याकडे म्हण आहे, दुखणे म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. लॅपटॉप हळू उठतो म्हटल्यावर कोणी नवा घ्या म्हणतो, कोणी इंटरनेटला दोष देतो, कोणी कुठलासा 'वेग वाढवणारा' फुकटचा कार्यक्रम आणून घालतो. दुखणे कुठे आहे हे कोणी पाहत नाही. ठिबकला पाणी कमी आले तर आपण काय करतो? मोटार, फिल्टर, लॅटरल, ड्रीपर असे एकेक पाहतो. फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब पाहिला की कुठे चोंदले ते कळते. इथेही तसेच करायचे.

पण त्याआधी एक काम. कशालाही हात लावण्यापूर्वी आतल्या कागदांची नक्कल काढून घ्या.

हे मी माझ्या चुकीवरून सांगतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या घरचा लॅपटॉप असाच रेंगाळू लागला. मी रविवारभर बसून साफसफाई केली, नको ते काढले, हवे ते लावले, आणि संध्याकाळी तो जो बंद झाला तो उठलाच नाही. बागेच्या सहा वर्षांच्या नोंदी त्यात होत्या. कोणत्या तारखेला कोणते औषध, किती मापाने, छाटणी कधी, काढणी कधी, सगळे गेले. तो हळू झाला होता तो आतली डिस्क मरत होती म्हणून. मी तिच्याकडून मरता मरता आणखी कष्ट करून घेतले.

सचिवांना मी विचारले, "नक्कल आहे का?" ते म्हणाले, "हिशेब तर वरच्या सर्व्हरवर असतो ना." हिशेब असेल. पण सभेची इतिवृत्ते, कर्जमागणीचे स्कॅन केलेले अर्ज, सभासदांच्या जुन्या याद्या, पत्रव्यवहार हे सारे त्याच लॅपटॉपमध्ये होते. मग आधी तासभर तेच काम केले. एक नक्कल बाहेरच्या डिस्कवर घेतली आणि दुसरी पेन ड्राइव्हवर घेऊन तिजोरीत ठेवली. दोन्ही नकला लॅपटॉपच्याच पिशवीत ठेवू नका. पिशवी गेली तर तिन्ही जातील.

आता घड्याळ काढा. बटण दाबल्यापासून तीन टप्पे मोजा. पहिला टप्पा, बटणापासून कंपनीचे चिन्ह दिसून खाली ठिपके फिरू लागेपर्यंत. दुसरा, ठिपक्यांपासून पासवर्ड विचारेपर्यंत. तिसरा, पासवर्ड दिल्यापासून काम सुरू करता येईपर्यंत. कागदावर मिनिटे लिहा. तीन दिवस लिहा.

पहिल्या टप्प्यात वेळ जात असेल, तर आधी पेन ड्राइव्ह, प्रिंटर, अंगठ्याचे यंत्र अशी बाहेरून जोडलेली सगळी वायर काढून पाहा. कित्येकदा यंत्र पेन ड्राइव्हमध्येच स्वतःला शोधत बसते. दुसऱ्या टप्प्यात वेळ गेला, तर संशय डिस्कवर घ्या. तिसऱ्यात गेला, तर बहुधा गर्दी झालेली असते. सचिवांच्या लॅपटॉपला एकूण चौदा मिनिटे लागली. त्यातली नऊ तिसऱ्या टप्प्यात.

गर्दी म्हणजे काय? आपण एखादा कार्यक्रम लॅपटॉपमध्ये घालतो, तेव्हा तो गुपचूप स्वतःचे नाव सकाळच्या हजेरीत घालून घेतो. लॅपटॉप उठला की तोही उठतो, कोणी हाक मारलेली नसताना. थेंबे थेंबे तळे साचे, तशी ही हजेरी वाढत जाते. ती पाहायची तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'स्टार्टअप' नावाचे पान आहे. प्रत्येक नावापुढे त्याचा भार लिहिलेला असतो, हाय, मीडियम किंवा लो. नको त्या नावावर उजवी कळ दाबून 'डिसेबल' म्हणा. यात कार्यक्रम पुसला जात नाही, फक्त सकाळी आपोआप उठत नाही. चुकले तर तिथेच 'एनेबल' म्हणता येते.

ऑक्टोबर छाटणीला आपण दिसेल ती काडी कापत नाही, डोळा बघून कापतो. इथेही तसेच करा. व्हायरसपासून राखण करणारा कार्यक्रम, अंगठ्याच्या यंत्राचा, डिजिटल सहीच्या टोकनचा, आणि मराठी टंकलेखनाचा, एवढ्यांना हात लावू नका. ज्याचे नाव ओळखीचे नाही ते आधी विचारून घ्या. आम्हाला त्या यादीत एकवीस नावे सापडली. त्यात गाण्यांचा एक कार्यक्रम होता, एका जुन्या, कधीच भंगारात गेलेल्या प्रिंटरचा एक होता, आणि व्हायरस राखणारे दोन होते. दोन राखणदार एकाच दाराशी उभे केले की ते एकमेकांनाच अडवतात. एक ठेवला, दुसरा रीतसर काढून टाकला. बारा नावे बंद केली. चौदा मिनिटांची सहा झाली.

मग सचिवांना विचारले, "रात्री बंद कसा करता?" म्हणाले, "शट डाऊन करतो की." इथे एक गोम आहे. नव्या विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल, तर शट डाऊन केल्यावर यंत्र पुरते बंद होत नाही. आतल्या मुख्य भागाची स्थिती डिस्कवर लिहून ठेवते आणि सकाळी तिथूनच उठते. सहसा त्याने वेळ वाचतो, पण कालचा अडकलेला काटाही तसाच राहतो. म्हणून आठवड्यातून एकदा 'रीस्टार्ट' करा. रीस्टार्टमध्ये सगळे नव्याने सुरू होते.

जागाही पाहा. 'सी' नावाच्या ड्राइव्हमध्ये पाचवा हिस्सा तरी रिकामा असू द्या. सचिवांच्या डाऊनलोडच्या कप्प्यात एकेका सातबाऱ्याच्या चार-चार प्रती होत्या. चाळीत कांदा गच्च भरला तर हवा खेळत नाही. तसे विंडोजलाही कामाला मोकळी जागा लागते.

हळूपणाची वेळही काही सांगते. सकाळी हळू आणि नंतर ठीक, तर गर्दी. सकाळी ठीक आणि दुपारी हळू, तर उष्णता. आपल्या कचेरीत धूळ असते, गंधकाच्या पोत्यांची भुकटी असते, ती पंख्याच्या जाळीत बसते. गरम झालेले यंत्र स्वतःला जपण्यासाठी वेग कमी करते. ते गादीवर ठेवू नका, आणि वर्षातून एकदा माहीतगाराकडून आतून साफ करून घ्या. महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी रात्री विंडोजच्या सुधारणा येतात. तेव्हा त्या बुधवारी-गुरुवारी थोडा उशीर झाला तर घाबरू नका, आणि मधेच बटण दाबून गळा आवळू नका.

एवढे करून सहा मिनिटे उरलीच. टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स' पानावर डिस्क पाहिली. पुढे 'एचडीडी' लिहिलेले, आणि आकडा शंभर टक्क्यांवर खिळलेला. कान लावला तर आत टिक्‌ टिक्‌ आवाज. मला माझा रविवार आठवला.

एचडीडी म्हणजे फिरती तबकडी. लॅपटॉपमधली अशी तबकडी बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते आणि एक बारीक दांडी तिच्यावर इकडेतिकडे सरकून मजकूर वाचते. १९५६ साली आयबीएमने अशी पहिली डिस्क आणली, तेव्हा तिच्यात चोवीस इंची पन्नास तबकड्या होत्या. तत्त्व आजही तेच आहे. उठताना हजारो बारीक तुकडे वेगवेगळ्या जागांहून वाचायचे असतात, आणि दर वेळी दांडीला धावावे लागते. दुसरी जात एसएसडीची. तिच्यात फिरणारे काहीच नाही, म्हणून धावाधाव नाही. जुन्या लॅपटॉपला सगळ्यात जास्त गुण या एका बदलाने येतो. त्याखालोखाल रॅम. चार जीबीवर आजचे विंडोज कसेबसे चालते, आठ असावी. पण काही लॅपटॉपमध्ये रॅम वाढवता येत नाही आणि एसएसडीच्याही जाती निरनिराळ्या आहेत. तेव्हा दोन दुकानांत विचारून मगच पैसे द्या.

आम्ही लॅपटॉप नाशिकला नेला. कारागीर म्हणाला, जुन्या डिस्कवरचे सगळे जसेच्या तसे नवीवर उतरवून देतो. अर्ध्यावर जुनी डिस्क थांबली ती थांबलीच. सचिवांचा चेहरा उतरला. मी म्हटले, "तिजोरीत काय ठेवलंय ते आठवा." नव्या डिस्कवर विंडोज नव्याने घातले, अंगठ्याचे यंत्र आणि प्रिंटर पुन्हा जोडले, त्यात अर्धा दिवस गेला. नकलेवरून सगळे कागद परत आले. एकही अर्ज गेला नाही. सकाळी ती नक्कल काढली नसती, तर गावच्या सोसायटीची कित्येक वर्षांची इतिवृत्ते त्या तबकडीबरोबर गेली असती.

आता चेअरमनांच्या प्रश्नाचे उत्तर. नवा लॅपटॉप कधी घ्यावा? विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तुमचे यंत्र विंडोज ११ घेण्याजोगे नसेल, तर सभासदांच्या पैशांचे काम त्यावर चालू ठेवणे धोक्याचे. ते बदलण्याचा ठराव जरूर करा. पण घेण्याजोगे असेल, तर केवळ हळू उठते म्हणून भंगारात काढू नका. या सोसायटीचा लॅपटॉप घेण्याजोगा निघाला. नव्याच्या मानाने फार थोड्या खर्चात काम झाले.

तेव्हा क्रम ध्यानात ठेवा. आधी नक्कल, मग घड्याळ, मग छाटणी, आणि खर्च सगळ्यात शेवटी. यंत्र हळू झाले, टिकटिक करू लागले, की तो निरोप आहे असे समजा. निरोप मिळाला तेव्हा नक्कल काढली तर ठीक, नाहीतर वरातीमागून घोडे.

मार्च संपायला चार दिवस असताना मी पुन्हा त्या कचेरीत गेलो. लॅपटॉप पाऊण मिनिटात उठला. आजींना पावती मिळाली. त्यांनी ती दोनदा वाचून घेतली, पासबुकात घातली आणि पदर खोचून बागेकडे निघाल्या. सचिवांनी चहा मात्र सवयीने सांगितलाच होता. तो आम्ही गरम असताना प्यालो.

तुमच्या कचेरीतल्या यंत्राची तक्रार असेल तर पोस्टकार्ड टाका. तिन्ही टप्प्यांची मिनिटे लिहायला विसरू नका. पुढच्या अंकी ठिबकच्या फिल्टरविषयी बोलू.